एवढंच?

ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला आलेले लोक आधी जखम बघतात, मग माणूस. माझ्या गुडघ्याने सगळ्यांची घोर निराशा केली. पंचवटीतून खास रिक्षा करून आलेल्या मामांनी क्रेप बँडेज सोडायला लावलं. आत दोन चिकटपट्ट्या. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं, ‘‘एवढंच?’’ म्हणाले, आणि शर्ट वर करून स्वतःच्या पित्ताशयाची वीतभर खूण दाखवली. खोलीतली सगळी सहानुभूती माझ्या डोळ्यांदेखत तिकडे सरकली. मामींनी आणलेली द्राक्षंही मग मामांनीच खाल्ली.

त्यात दुखापतीलाही काही इभ्रत नव्हती. नाशकात गुडघा दुखावायचा तर अंजनेरीवर, ब्रह्मगिरीवर, गेला बाजार पांडवलेणीच्या पायऱ्यांवर तरी दुखावावा. मी पलंगाखाली गेलेला पायमोजा काढायला उकिडवा बसलो आणि तसाच बसल्या बसल्या वळलो. टक्! मोजा हातात आला, गुडघा मात्र तिथेच राहिला.

एमआरआयच्या ढणढणाटानंतर कळलं की मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये इंग्रजी ‘सी’च्या आकाराची कुर्चेची गादी असते, मेनिस्कस म्हणतात, ती फाटली आहे. डॉक्टर म्हणाले, ‘‘लगेच ऑपरेशन नको, आधी दीड महिना व्यायाम करून बघू.’’ बघितलं. पण गुडघा चालता चालता मधेच अडकायचा, जुन्या वाड्याच्या दारासारखा. शेवटी ते म्हणाले, ‘‘दुर्बिणीतून करून टाकू. छोटंसं आहे, दोन भोकं फक्त.’’ ते ‘फक्त’ मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उपाशी. ‘‘कोणता पाय?’’ हा प्रश्न पाच वेगवेगळ्या माणसांनी विचारला. ही काळजी योग्यच, पण पाचव्यांदा उत्तर देताना माझा मलाच भरवसा वाटेना. शेवटी डॉक्टरांनी मार्करने उजव्या मांडीवर बाण काढला तेव्हा जीव भांड्यात पडला. मग पाठीत इंजेक्शन. थोड्या वेळाने समोर कुणाचा तरी पाय वर उचलला जाताना दिसला. बिचारा कोण, म्हणून बघतो तर माझाच.

भूल कमरेखालची, त्यामुळे टीव्ही बघायची सोय होती. गुडघ्यात सलाइन सोडून तो आतून फुगवतात, एका भोकातून कॅमेरा जातो, दुसऱ्यातून हत्यारं. पडद्यावर शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरंशुभ्र काहीतरी होतं आणि त्याच्या कडेला जुन्या पंचाच्या दशा पाण्यात हलत होत्या. ‘‘ही तुमची गादी,’’ डॉक्टर म्हणाले. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथे फाटली तर टाके घालून सांधता येते, मात्र मग कित्येक आठवडे पाय जपावा लागतो. माझी फाटली होती आतल्या बाजूला, जिथे रक्त पोचत नाही. तिथलं फाटकं कातरायचं आणि कड गुळगुळीत करायची. आमच्या शिंप्यानेही हेच सांगितलं असतं.

काम पाऊण तासात आटपलं. विम्याचे कागद आटपायला सहा तास लागले.

खरी परीक्षा घरी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिजिओथेरपीच्या ताईंनी मंत्र दिला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी तो घोकत मधल्या जिन्यापर्यंत पोचलो आणि तिथे चांगला पाय कोणता यावरच अडकलो. कारण एव्हाना डावाही कुरकुरायला लागला होता.

पण सगळ्यात मोठा अपमान मांडीने केला. व्यायाम सोपा होता. पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघा खाली दाबायचा. मी मेंदूतून हुकूम सोडला. मांडी ढिम्म. पुन्हा सोडला. मांडीला जणू तो मी नव्हेच. ताई म्हणाल्या, सांध्यात सूज असली की मांडीचा स्नायू झोपी जातो, त्याला रोज उठवावं लागतं. ते काम आईने अंगावर घेतलं. पाय सरळ उचलून दहा आकडे धरायचा, आणि आकडे आई मोजणार, मेथी निवडता निवडता. ‘‘पाच... सहा... ही जुडी बघ कशी दिलीय, निम्मी पिवळी... किती झाले रे? जाऊ दे, पहिल्यापासून.’’

बर्फासाठी फ्रीजमधल्या मटारची पिशवी ठरली. टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार वेळा. बायकोने त्या पिशवीवर मार्करने ‘गुडघा’ लिहिलं, तरी एका रात्री मटारची उसळ झालीच. मी काही विचारलं नाही.

रात्री झोप लागत नसे तेव्हा वाचत बसायचो. १९१८ साली टोकियोत ताकागी नावाच्या डॉक्टरांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. ती गादी दुर्बिणीतून कातरायला मात्र १९६२ उजाडलं, आणि तेही जपानमध्येच, वातानाबे यांच्या हातून. जमिनीवर गुडघे मोडून बसणाऱ्यांच्या देशातच हे सुचणार. आम्हीही मांडी घालणारे, पण आम्हाला तेल चोळण्यापलीकडे काही सुचलं नाही.

बाराव्या दिवशी टाके निघाले. सूज मात्र अजून काही आठवडे येत-जात राहील, उकिडवं बसणं आणि मांडी घालणं डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद, आणि पोटरी दुखून सुजली तर थेट दवाखाना गाठायचा, अशी तंबी मिळाली. येताना बायको मिसळ खायला घेऊन गेली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी काठीकडे बघून विचारलं, ‘‘कशानं झालं?’’

भोकं तर आता दिसतही नव्हती. मी शांतपणे म्हणालो, ‘‘हरिहर.’’

त्यांचे डोळे चमकले. ‘‘अरे वा! कुठून चढलात? निरगुडपाड्याकडून की हर्षेवाडीकडून?’’

बायको मिसळीतून मान वर न काढता म्हणाली, ‘‘पलंगाखालून.’’