सीडी कमी म्हणून गाडी रस्त्याला चिकटत नाही

सध्या फिरणारा दावा असा: ‘गाडीचा सीडी जितका कमी, तितकी ती वेगात स्थिर. जड असेल तर उत्तमच. तरीही हलली, तर मागे स्पॉयलर (हवा वळवणारी पट्टी) लावा.’

सीडी म्हणजे हवेच्या रोधाचा गुणांक. हवा गाडीला किती अडवते, एवढंच त्यातून कळतं. वर किती उचलते आणि बाजूला किती ढकलते, ते हिशेब वेगळे. मागच्या अ‍ॅक्सलचा (चाकांच्या आसाचा) उचलीचा गुणांक ०.२ आणि गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरा. ताशी १०० किमीला मागची चाकं सुमारे १९ किलोंनी हलकी होतात, २०० किमीला ७५ किलोंनी. गोलाईदार शेपटीवर तर हवा चिकटून वेगाने उतरते, तिथला दाब घटतो आणि मागची बाजू वर ओढली जाते. १९९८ ची ऑडी टीटी याच गोलाईसाठी वाखाणली गेली. जर्मनीत भरधाव वेगातले अपघात झाल्यावर कंपनीला डिकीवर छोटा स्पॉयलर, ईएसपी (गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) आणि सस्पेन्शनमधले बदल द्यावे लागले.

जड गाडीत वजनाच्या तुलनेत उचलीचं प्रमाण घटतं, हे खरं. पण वळणावर टायरांना तेवढंच जास्त वजन आवरावं लागतं.

आता स्पॉयलर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.५ मीटर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर मागे बसवलेला विंग (पंखासारखा स्पॉयलर) ५० किलोंनी खाली दाबतो, असं समजा. मागच्या चाकांवर ६० किलो वाढतात आणि पुढची १० किलोंनी हलकी होतात, तरफेसारखी. पुढचा बंपर तसाच ठेवला, तर वेगात स्टिअरिंग पोकळ लागतं.

शिवाय त्या पट्टीपर्यंत हवा पोचायला हवी. १९६९ ची पोर्शे ९१७ ही शर्यतीची गाडी सरळ रस्त्यावरही भरकटायची. ऑस्ट्रियातल्या चाचणीत दिसलं, की पुढच्या भागावर चिलटं चिरडलेली, पण मागच्या स्पॉयलरवर जवळपास एकही नाही! अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी आखूड आणि वर चढती केली. रोध वाढला, गाडी मात्र ताब्यात आली. १९७० ची फ्रान्समधली २४ तासांची ल माँ शर्यत याच आखूड शेपटीच्या ९१७ ने जिंकली.

चिलटांची वाट बघायला नको. लोकरीचे ७–८ सेंमीचे तुकडे मागच्या काचेवर आणि डिकीवर ओळीने चिकटवा, बंद ट्रॅकवर शेजारच्या गाडीतून चित्रण करा. तुकडे सरळ मागे लोळले, तर हवा तिथे चिकटून वाहते आहे. गोल गोल फिरले किंवा उलटे पुढे वळले, तर तिथली पट्टी निव्वळ शोभेची.