पाथ ट्रेसिंग आले म्हणून टेक्श्चर आणि लाइटिंगचे कसब संपत नाही

थ्रीडी शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक विधान फार फिरते आहे : पाथ ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र तयार करण्याची पद्धत) चालू करावे, प्रत्येक वस्तूला ८के टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचे, सुमारे आठ हजार पिक्सेल रुंदीचे चित्र) लावावे, म्हणजे दृश्य आपोआप खरे दिसते, टेक्श्चर आणि लाइटिंगचे वेगळे कसब आता लागत नाही. नवशिक्यांचे यात खरोखर नुकसान होते, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी ८के टेक्श्चर. ८१९२ × ८१९२ पिक्सेलचे साधे आरजीबीए (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) टेक्श्चर कॉम्प्रेस न करता मेमरीत २५६ मेगाबाइट जागा घेते. ४के टेक्श्चरला ६४ मेगाबाइट पुरतात. अंतिम चित्र १९२० × १०८० चे असेल, तर त्यात जेमतेम २१ लाख पिक्सेल असतात आणि दूरच्या वस्तूच्या वाट्याला त्यांतले काही शेच येतात. तेथे जास्तीचा तपशील दिसत तर नाहीच, उलट फिल्टरिंग (जवळपासच्या पिक्सेलांची सरासरी घेणे) नसेल तर कॅमेरा हलताच पृष्ठभाग लुकलुकू लागतो. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मिपमॅप (एकाच टेक्श्चरच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या प्रती) मांडले ते यासाठीच.

‘पाथ ट्रेसिंग भौतिकशास्त्राप्रमाणे चालते, म्हणून निकाल खराच येणार’ हे अर्धसत्य आहे आणि सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. जेम्स कजिया यांचे १९८६ चे रेंडरिंग समीकरण प्रकाशाचा हिशेब नेमका मांडते, परंतु पृष्ठभाग किती आणि कसा प्रकाश परावर्तित करतो, ही माहिती त्याला बहुतेक वेळा टेक्श्चरमधूनच मिळते. भर उन्हात काढलेला विटांच्या भिंतीचा फोटो जसाच्या तसा बेस कलरला, म्हणजे पृष्ठभागाच्या मूळ रंगाला, जोडला, तर फोटोतल्या सावल्या विटांचा रंग म्हणून धरल्या जातात आणि दृश्यातला दिवा कोठेही नेला तरी त्या हलत नाहीत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रफनेस मॅपचे (पृष्ठभाग किती खरखरीत ते सांगणाऱ्या टेक्श्चरचे) कलर स्पेस (त्यातले आकडे कसे वाचायचे ते ठरवणारी सेटिंग) ‘नॉन-कलर’ऐवजी ‘एसआरजीबी’ राहिले, तर ०.५ हे मूल्य सुमारे ०.२१ असे वाचले जाते आणि खरखरीत लाकूड पॉलिश केल्यासारखे चकाकते. सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागे तपासले जाणारे किरण) कितीही वाढवले तरी या चुका जात नाहीत. नॉइज, म्हणजे चित्रातले दाणेदार ठिपके, गेल्यावर त्या अधिकच ठळक दिसतात.

राहिला लाइटिंगचा मुद्दा. प्रकाश कसा पसरतो ते समीकरण सांगते. दिवा कोठे आणि केवढा असावा, हे सांगत नाही. मोठा दिवा सावलीची कड मऊ करतो, छोटा ती धारदार ठेवतो, आणि त्या प्रसंगाला कोणती कड शोभते हे कलावंतालाच ठरवावे लागते. एचडीआर छायाचित्रावरून (जागेवरच्या उजेडाच्या खऱ्या पातळ्या नोंदवणाऱ्या छायाचित्रावरून) प्रकाश घेतला, तरी ते छायाचित्र कोणते आणि किती फिरवायचे, हा निर्णय उरतोच. म्हणून शिकताना आधी सगळ्या वस्तू करड्या ठेवून फक्त प्रकाश जुळवावा आणि टेक्श्चर नंतर लावावे. दोष प्रकाशाचा की टेक्श्चरचा, हे त्यामुळे लगेच कळते.