परतफेड कोणाच्या खात्यात मांडायची?

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी एका मित्राने लिहिलं, ‘आपल्या पोरांना फुकटचं वापरता तेवढं येतं. ओपन सोर्समध्ये आपली परतफेड शून्य.’ विषय सेलेनियम या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या आणि फुकट मिळणाऱ्या साधनाचा होता. हा मित्र हिंजवडीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. त्याच्या हाताखाली टेस्टिंगची मोठी टीम आहे आणि त्या टीमचं सगळं रिग्रेशन, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना याची तपासणी, सेलेनियमवर चालतं. त्याच्या वाक्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेलेनियम हे ब्राउझर माणसासारखा चालवणारं साधन: लॉगिन कर, बटण दाब, निकाल बरोबर आला का बघ. 2004 मध्ये शिकागोत, थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्सने कंपनीचंच तास आणि खर्च नोंदवायचं अ‍ॅप तपासायला ते लिहिलं. जपानच्या शिन्या कासातानीने फायरफॉक्ससाठी रेकॉर्डिंगचं एक्स्टेन्शन केलं आणि प्रकल्पाला देऊन टाकलं. सायमन स्टुअर्टचं वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला थेट हुकूम देणारी सोय, त्यात येऊन मिळालं आणि 2018 मध्ये वेबड्रायव्हर हे डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, मानक झालं. मी नोकरीला लागले तेव्हा क्यूटीपी या विकतच्या टेस्टिंग साधनाचं लायसन्स इतकं महाग होतं की टीममध्ये ते आळीपाळीने वापरावं लागे. रात्री घरच्या कॉम्प्युटरवर बसून मला ऑटोमेशन शिकता आलं ते सेलेनियमला पैसे पडत नव्हते म्हणून. सांगलीसारख्या गावातून पुण्यात आलेल्या कितीतरी मुलामुलींचं करिअर असंच उभं राहिलं आहे. त्यांना कोणी फुकटे म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

आणि शून्य कसं? सेलेनियम कॉन्फरन्स 2014, 2016 आणि 2018 अशी तीनदा बंगळुरूत भरली. मी आता बर्लिनमध्ये काम करते; आमच्या वाट्याला ती 2017 मध्ये आली. 2011 मध्ये मुंबईत सुरू झालेली, वेगवेगळ्या ब्राउझरांवर टेस्टिंगची सोय देणारी ब्राउझरस्टॅक कंपनी प्रकल्पाला पाठबळ देणाऱ्यांत आहे. मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार असलेल्यांत भारतीय आहेत. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तर उत्तर आलं, ‘ते झाले मोजके. बाकीच्यांचं काय?’

बाकीच्यांचं सांगते. पानाच्या वर चिकटून राहणारी पट्टी असते. टेस्ट स्क्रोल करून ‘सबमिट’ दाबायला जाते, नेमकी तेव्हाच ती पट्टी सरकून बटणावर येते आणि ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’ म्हणत टेस्ट लाल होते. घाईतला माणूस तिथे पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसता थांबा, टाकतो, हिरवं दिसलं की पुढे जातो. चांगली टेस्टर मात्र तिथेच ठाण मांडते. हजारभर ओळींच्या पानातून एकेक गोष्ट काढत जाते. आधी जाहिराती, मग मेनू, मग सीएसएस, म्हणजे पानाची सजावट. दर वेळी टेस्ट पुन्हा चालवून बघते, चूक अजून होते का. शेवटी दहा-पंधरा ओळींचं एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, उरतं आणि त्यातही चूक दिसते. मग ब्राउझरची आणि ड्रायव्हरची आवृत्ती, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहून ती नोंद प्रकल्पाकडे जाते. दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम तिथे झालेलं असतं. ओपन सोर्स अशाच नोंदींवर जगतं. कोड लिहिणारेच काय ते देणारे, हा समज मुळात चुकीचा आहे.

आणि हे काम हिंजवडीतल्या मुली जितकं चोख करतात तितकं करणारे मी बर्लिनमध्ये फार थोडे पाहिले. पण स्प्रिंटमध्ये, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या कामाच्या आखणीत, त्यासाठी जागा कुठे आहे? अप्रेझलला किती स्क्रिप्ट लिहिल्या ते मोजतात. क्लायंटच्या करारामुळे बाहेर एक ओळ टाकायची म्हटली तर परवानग्यांचा डोंगर. वर टेस्टिंगला कोण जातं, तर ज्याला कोडिंग जमलं नाही तो, हे ऐकवणारे पदोपदी. दिवसभर हे सोसून वाकडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचलेल्या मुलीकडून परतफेड मागायची?

इथे मी मीटिंगमध्ये रिलीज थांबवा म्हटलं की रिलीज थांबतं. साडेपाचला फायरआबेंड, म्हणजे कामाची सुट्टी; शहराभोवती फिरणारी रिंगबान ही लोकल पकडली की थोड्याच वेळात घर. माझा एक सहकारी ब्रुकनटागला, म्हणजे सण आणि शनिवार-रविवार यांच्या मधल्या दिवसाला, जोडून सुट्टी घेतो आणि त्यातला एखादा दिवस सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनवर बसतो. कामावर परतल्यावर टीम लीड त्याला कौतुकाने विचारतो. सेवाभाव म्हणाल तर कराडच्या माझ्या आत्याकडे या सगळ्यांपेक्षा जास्त आहे. या लोकांना संध्याकाळ मिळते. ग्रुपवर हे लिहिल्यावर मित्र म्हणाला, ‘तिकडे बसून बोलायला काय जातं?’

ते मात्र लागलं. कारण मी पुण्यात असताना प्रकल्पाकडे एकही नोंद पाठवली नव्हती. जे काही दिलं ते इथे आल्यावर, इथल्या संध्याकाळी मिळाल्यावर. माझ्या प्रोफाइलवर गाव बर्लिन आहे. उद्या कोणी देशवार हिशेब मांडायला बसलं तर माझं काम जर्मनीच्या खात्यात जाईल, आणि मित्राच्या शून्यात मी नसेनच. इथे कोणी भारतीय टेस्टरांबद्दल वाकडं बोललं की मी ‘आम्ही’ म्हणून भांडते. ग्रुपवर त्याच वादात मी ‘तुम्ही तिकडचे’ होते. बॅचमधल्या कोणी मला तिकडचं म्हणावं, याची सवय मला झालेली नाही आणि करून घ्यायचीही नाही.

सेलेनियमचं डॉक्युमेंटेशन इंग्रजीखेरीज जपानी, चिनी आणि पोर्तुगीजमध्ये वाचता येतं. ते स्वयंसेवकांनी केलं आहे. पुण्यातल्या क्लासेसमध्ये लातूर-नांदेडहून आलेली मुलं इम्प्लिसिट (सगळीकडे एकदाच लावलेला थांबा) आणि एक्स्प्लिसिट (ठरावीक गोष्ट होईपर्यंतचा थांबा) वेटमधला फरक इंग्रजीत पाठ करतात, आणि टेस्ट फ्लेकी झाली, म्हणजे कधी पास कधी फेल होऊ लागली, की दोन्ही वेट एकत्र टाकून बसतात. तसं करू नका, किती वेळ थांबेल याचा भरवसा राहत नाही, हे त्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. ते पान मी मराठीत लिहायला घेतलं आहे.

आणि मित्राला सांगितलं आहे की तुझ्या टीमला शुक्रवारी दुपारी दोन तास मोकळे दे. सापडलेली एक चूक घेऊन बसू, क्लायंटचं नावगाव काढू, पान छोटं करू, नोंद लिहू. मी इथून रजा टाकून ऑनलाइन येईन, मराठीत बोलू. त्याने विचारलं, हे दोन तास टाइमशीटवर कोणाच्या नावावर टाकायचे? कंपनीच्या, असं मी कळवलं आहे.