‘बाळ बरं असताना डॉक्टर कशाला?’ या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

फॅमिली ग्रुपवर हा मेसेज परत परत येतोय. म्हणणं थोडक्यात असं, की बाळ आजारी नसताना बालरोगतज्ज्ञाकडे नेणं म्हणजे पैसे उकळायचा धंदा, आजीची गुटी-मध पुरे, दात येताना जुलाब होणारच, आणि डॉक्टरांनी औषध द्यावं, आईबापांना शिकवत बसू नये. खाली अंगठ्यांची रांग. नव्या आया हे वाचतायत म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

१) हसतंय-खेळतंय, मग कशाला न्यायचं?
कारण काही गोष्टी हसत्याखेळत्या बाळातच शोधाव्या लागतात. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, आ-ऊ करतं, त्यामुळे घरात कोणालाच शंका येत नाही, मग दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटल्यावर "त्याचा बाबा पण उशिराच बोलला" यात अजून सहा महिने जातात. कानांची तपासणी जन्मल्या जन्मल्या करता येते आणि ती अजिबात दुखत नाही. वजनाचं पण तेच. बाळसं धरलंय हे आपण नजरेने ठरवतो, पण कार्डावरच्या आलेखात रेघ दोन-तीन महिने आडवी गेली तर काहीतरी बिनसलंय हे बाळ सुकलेलं दिसायच्या आधीच कळतं. लसीला जातोच ना आपण, तेव्हाच वजन-उंची-डोक्याचा घेर मांडून घ्या, मान धरते का, पालथं पडतं का ते सांगा. आणि "तुम्हाला झोप मिळते का, सारखं रडू येतं का" असं आईलाही विचारणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन खरं असतं आणि त्यावर उपचार आहेत.

२) मध आणि गुटी
वर्षाच्या आत मध नाही. चाटण म्हणून नाही, सोन्याच्या अंगठीने पण नाही. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं आतडं त्यांना रुजू देत नाही पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, मग बद्धकोष्ठ, बारीक रडणं, अंग लुळं पडणं, शेवटी श्वास अडकणं. क्वचित होतं म्हणूनच "आम्हाला दिलेला, काय झालं?" असं म्हणता येतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, विदर्भातल्या मे महिन्यात पण वरचं पाणी नको, त्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. नाकात तेलही नको, फुफ्फुसात उतरतं. मालिश, अंगाई, मांडीवर घेऊन गप्पा, हे आजीचंच काम आणि ते खुशाल चालू दे.

३) दाताचे जुलाब
दातांनी जुलाब होत नाहीत. त्याच वयात बाळ जमिनीवरचं उचलून तोंडात घालायला लागतं, जंतू तिथून जातात. ओआरएस (मीठ-साखरेचं द्रावण) घोट घोट, झिंक १४ दिवस, आणि अंगावरचं दूध, जेवण बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं, बाळ मलूल पडलं तर लगेच दवाखाना.

४) आईबापांना शिकवून काय होणार?
या मुद्द्याचा मला खरंच राग येतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेनात, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण नातेवाइकांच्याच हातात दिलं, पाजायचं कसं ते सांगितलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आणि आपलं गडचिरोली! डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं घ्यायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. न्यूमोनियासाठी श्वास मोजायला त्यांनी मण्यांचं साधं यंत्र काढलं, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, म्हणजे आकडे न येणारी बाई पण मोजू शकते. घरच्या घरी नवजात बाळांची ही काळजी सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्यूदर बाकीच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्के कमी झालेला, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. बाळ शांत असताना मिनिटभर पोटाकडे बघून श्वास मोजा, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाचपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर थांबू नका. छाती आत ओढली जात असेल तर मोजत पण बसू नका.

५) पैसे उकळतात
तीन मिनिटांत पाच बाटल्या लिहून देणारे आहेत, व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक देणारे पण आहेत, त्यावर भांडाच, "हे कशासाठी?" म्हणून प्रत्येक औषधाला विचारा. पण सरकारी केंद्रात लसी फुकट आहेत, अंगणवाडीत वजन फुकट होतं, आणि दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. ती आली की आजीला पण शेजारी बसवा आणि मधाचं तिलाच विचारा.