भुतं परवडली, परीक्षक आवरा!

सर्वपित्री अमावास्या आली की आमच्या ठाण्याच्या फोटोग्रुपच्या स्पर्धेचा विषय ठरलेला: भुताटकी. झालं! येऊरच्या जंगलात झाडाखाली पांढरी साडी, मोकळे केस. रात्री तिथे जायची छाती नाही, म्हणून भरदुपारी फोटो काढून वर रात्रीचा निळा रंग फासायचा.

गेल्या वेळी एकाने ट्रायपॉडवर ३० सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं. बायको १० सेकंद जिन्यात उभी राहिली आणि बाजूला झाली. आकृती आरपार, मागच्या पायऱ्या लख्ख! परीक्षक म्हणाले, "हललाय." बक्षीस कुणाला? अमावास्येच्या फोटोत परातीएवढा पौर्णिमेचा चंद्र चिकटवणाऱ्याला! चंद्र पाठीमागे, उजेड मात्र समोरून थोबाडावर. खाली "अप्रतिम, दादा!"चा पाऊस. त्यातलं पहिलं अप्रतिम खुद्द परीक्षकांचं.