सर, सरका जरा, माऊस इकडे द्या

अभिनंदन. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रप्रमुखांनी तुमचं नाव 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून घेतलं, टाळ्या पण पडल्या, म्हणजे आता सुटका नाही. पात्रता काय, तर मागे कधीतरी तुम्ही कुणाच्या तरी पीडीएफची साईज कमी करून दिली होती. असो. आता सगळ्या केंद्रातल्या बंद पडलेल्या वस्तू तुमच्या, तेव्हा मदत कशी करायची ते एकदा नीट समजून घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खुर्ची. कुणी बोलावलं की जायचं, 'सरका जरा' म्हणायचं, बसायचं आणि माऊस ताब्यात घ्यायचा. नेमकं काय झालं, स्क्रीनवर काय लिहून आलं, आधी काय दाबलं होतं, हे चुकूनही विचारू नका, कारण समोरचा माणूस सांगायला लागला की सांगता सांगता त्याचं त्यालाच कळतं, आणि मग तुम्ही कशाला आलात?

समजा तिसरीच्या मॅडमचा प्रोजेक्टर लागत नाहीये. लॅपटॉप चालू, पडद्यावर निळा उजेड आणि मध्ये 'नो सिग्नल'. यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक तर केबल एचडीएमआय दोनमध्ये आणि प्रोजेक्टर एचडीएमआय एककडे डोळे लावून बसलेला, म्हणजे सोर्सचं बटण दाबून बदलायचं. नाहीतर लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबायचा आणि डुप्लिकेट निवडायचं, झालं. पण हे मोठ्याने बोललात आणि मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं तर उद्यापासून तुम्हाला कोण विचारणार? म्हणून दोन बोटं पटकन हलवा, चित्र आलं की एक सुस्कारा सोडा आणि म्हणा, 'ड्रायव्हरचा इश्यू होता.' ड्रायव्हर या शब्दाला फार वजन आहे, पुढे कोणी काही विचारत नाही.

रिमोट शोधायच्या भानगडीत पडू नका. रिमोट डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तूंच्या रजिस्टरला, नोंदवलेला आहे, त्यामुळे तो मुख्याध्यापकांच्या कपाटात सुरक्षित आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे, मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला आहेत आणि रिमोटचे सेल ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळात आहेत. हे मात्र बरोबरच आहे, साहेब व्हिजिटला आले की आधी घड्याळच बघतात.

लोकसहभागातून आलेला टच पॅनेल असेल तर त्याचं वरचं प्लास्टिक अजिबात काढू देऊ नका. उद्घाटनाच्या नारळाचे शिंतोडे त्या प्लास्टिकवर आहेत, त्यातून टच नीट लागत नाही हे खरं, पण वस्तू नवी दिसते ना. आणि लाईटबिल थकलंय म्हणून मीटर कापून नेला असेल तरी तुम्हाला बोलावतीलच. जायचं, मागची वायर हलवून बघायची, गंभीर चेहरा करायचा.

आता फॉन्ट. ऑफिसात टाईप केलेला अहवाल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. कारण साधं आहे, कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवतात, फॉन्ट नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये टाईप केलं की विषय कायमचा मिटतो, अन् हेच सगळे शिक्षक मोबाईलवर दिवसभर गुड मॉर्निंगचे सुविचार युनिकोडमध्येच टाईप करतात. ते सांगू नका. पेन ड्राईव्हमधून फॉन्ट टाकून द्या, फक्त त्या एका कॉम्प्युटरमध्ये. म्हणजे पुढच्या कॉम्प्युटरला परत तुम्हीच.

खरी सत्ता पासवर्डात आहे. 2015 ला मुलांची माहिती भरायचं सरल आलं, 2017 ला ऑनलाईन धड्यांचं दीक्षा, मग शाळेच्या आकडेवारीचं यू-डायस प्लस, पगाराचं शालार्थ आहेच, पोषण आहाराचं वेगळं, आता मुलांचा अपार आयडी. हे सगळे पासवर्ड तुमच्या खिशातल्या डायरीत पाहिजेत आणि जमलं तर ओटीपी पण तुमच्याच नंबरवर. तुम्ही साखरपुड्याला गेलात की शाळेचं कामकाज ठप्प, याला म्हणतात किंमत. सध्या काही ठिकाणी ओटीपी रिटायर झालेल्या मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर जातो, ते शेतात पाणी धरत असतात, चष्मा घरी असतो, तरी बिचारे फोन उचलून जोडीजोडीने वाचून दाखवतात, 'एकोणऐंशी, त्रेपन्न, सदुसष्ट', इकडे आपण एकोणसत्तर टाकतो, मग 'सर, सुटं सुटं सांगा ना', तेवढ्यात टाईम संपतो. परत पाठवा.

30 सप्टेंबरचा पट तर तुमचा सीझनच. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, त्याच्यावर, मुलाचं आधार जुळलं नाही तर तो वर्गात बाकावर बसलेला असूनही मोजायची पंचाईत, आणि पट घसरला की कोणीतरी अतिरिक्त ठरतं. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, जन्मतारीख तिसरीच. आता हे जूनमध्येच यादी काढून पालकांना गाठून दुरुस्त करता येतं, पण जूनमध्ये केलेलं काम दिसतं कुणाला? शेवटच्या रात्री अकरा वाजता बसा, सगळा महाराष्ट्र पण तेव्हाच बसलेला असतो, गोल फिरणाऱ्या चक्राचा फोटो ग्रुपवर टाका, 'सर्व्हर डाऊन आहे, प्रयत्न चालू आहेत'. बघा किती हात जोडलेले येतात.

या सगळ्यात तुमचा स्वतःचा चौथीचा वर्ग? मॉनिटर आहे की. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितोय तो, वर्षअखेर त्याचं हस्ताक्षर तरी सुधारेल.

एकच सावधगिरी बाळगा. तुम्ही माऊस घेऊन बसता तेव्हा मागे कोण उभं आहे ते बघत जा. मॅडम नाही बघत, त्या तेवढ्यात वह्या तपासून घेतात, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे त्यांचा. पण सातवीतली एखादी पोरगी खडूचा डबा न्यायला म्हणून येते आणि तुमच्या बोटांकडे टक लावून बघते. परवा कुठल्याशा शाळेत असंच झालं म्हणे, सर येईपर्यंत पडद्यावर चित्र हजर. अशी पोरगी दिसली की ताबडतोब घंटेच्या ड्युटीला लावा.