दोन बॅगा घेऊन आलेल्यांचा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर सारखा फिरतोय: 'घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाविरुद्ध कायदा १९६८ सालीच झाला. आपण दोन बॅगा घेऊन आलो, पै-पै साठवून घर घेतलं. कृष्णवर्णीयांना कोणी अडवलंय? बचतीची सवय नाही, एवढंच.' हे आपल्या माणसांच्या तोंडून ऐकताना मला वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

आधी 'कोणी अडवलंय' हे बघू. डेट्रॉइटमध्ये बर्वुड रस्त्याच्या घरांमागे काँक्रीटची एक भिंत आहे. सहा फूट उंच, फूटभर जाड, जवळजवळ अर्धा मैल लांब. १९४१ साली एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून गृहकर्जाला हमी देणारं सरकारी खातं, एफएचए, तयार होईना. मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. भिंतीच्या अलीकडे स्वस्त कर्ज, पलीकडे काही नाही. कामावर जाऊन पगारातले चार पैसे मागे टाकणारी माणसं दोन्हीकडे होती. ती भिंत आजही उभी आहे.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांचीही तीच गत. १९४७ साली मिसिसिपीच्या १३ शहरांत सैनिकांसाठीची, सरकारी हमीची ३,२२९ कर्जं मंजूर झाली होती. त्यातली कृष्णवर्णीयांना मिळाली दोन.

बरं, १९६८चा कायदा. झाला, आणि हवाच होता. पण १९६० साली गोऱ्यांपैकी ६५ टक्के आणि कृष्णवर्णीयांपैकी ३८ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती. आज ते आकडे ७४ आणि ४५च्या आसपास आहेत. दरी बुजलेलीच नाही. कारण पहिल्या घराचं डाउन पेमेंट नुसत्या पगारातून फार थोड्यांना जमतं. वडिलांच्या घराची किंमत वाढते, त्यावर कर्ज काढून मुलीचं कॉलेज होतं, मुलाला घरासाठी रक्कम मिळते. ज्याच्या आजोबांनाच घर घेऊ दिलं नाही, त्याने हे पैसे कुठून आणायचे? कायद्यानंतरही फसवणूक थांबली नाही. समान पत असूनही दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांकडून जादा पैसे घेतल्याचा आरोप सरकारने कंट्रीवाइड या कंपनीवर ठेवला. २०११ साली ३३.५ कोटी डॉलर मोजून तो मिटवावा लागला.

राहिल्या आपल्या दोन बॅगा. त्यांत डिग्री होती, तीही बहुतेकांची भारतात सरकारी फीवर मिळालेली. आपल्याला अमेरिकेचं दार उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना. त्याआधी आलेल्या भारतीयांना काय मिळालं? १९१५ साली अमेरिकेत आलेल्या वैष्णो दास बगाईंनी बर्कलीत घर विकत घेतलं. सामान ट्रकवर लादून बायकामुलांसह ते दारात पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घातलं होतं. ते कुटुंब त्या घरात कधीच राहिलं नाही.